ठराव झाला, पुढे काय?

(रत्नागिरीतील एका व्याख्यानमालेत एका माजी नगरसेविकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

संयोजकांनी विषय दिला आहे, ‘नगरसेवक नेमकं काय करतो?’ समोर पहिल्या रांगेत नुकतेच निवडून आलेले काही नगरसेवक आणि नगरसेविका दिसतायत. त्यांच्या मागे घरपट्टी भरणारी, पाण्यासाठी पहाटे उठणारी माणसं आहेत. अगदी शेवटी नगरपरिषदेत उभी हयात काढलेले दोघे-तिघे कर्मचारीही बसलेत. या सगळ्यांना एकाच वेळी उपयोगी पडेल असं बोलायचा प्रयत्न करते. मी रत्नागिरीची नाही. माझं गाव इथून दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. तिथल्या नगरपरिषदेत दोन मुदती काढल्या, त्या अनुभवावर बोलेन. पण सुरुवात महाडपासून करते.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सरकारी खर्चानं चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुले असावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कोकणातल्या एका छोट्या नगरपालिकेनं त्या काळात हे करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण नंतरची तीन वर्षं तळ्याच्या पायऱ्यांवर काहीही बदललं नाही. इतिवृत्तात तळं खुलं होतं आणि काठावर ते बंदच होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्या दिवशी माणसांनी मार खाल्ला. महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस बाबासाहेबांच्या बाजूनं उभे राहिले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. ठराव झाल्यापासून तेरा वर्षं.

आपल्या गटाराच्या किंवा दिव्याच्या खांबाच्या ठरावाची त्या लढ्याशी बरोबरी करायला मी उभी राहिलेली नाही. ती माणूस म्हणून जगण्याची लढाई होती. पण नगरपालिका ही संस्था कशी चालते आणि कुठे अडते, हे महाडइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्या घटनेत दिसलेलं नाही. सभागृहात हात वर होतात, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिली जातात, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ अशी ओळ पडते. तिथून लोकांच्या दारापर्यंतचा रस्ता कोणीतरी चालावा लागतो. नगरसेवकाचं खरं काम त्या रस्त्यावर आहे.

आता हा रस्ता म्हणजे काय, ते एका गटारावरून सांगते. समजा तुमच्या प्रभागात वहाळाला, म्हणजे ओढ्याला, जाऊन मिळणारं एक जुनं गटार आहे. चिरे ढासळलेत, पावसात पाणी घरात शिरतं. तुम्ही अर्ज देता. विषय विषयपत्रिकेवर येतो, मंजूर होतो. फटाके इथेच वाजतात. त्यानंतर अभियंत्यानं जागेवर येऊन मापं घ्यायची, अंदाजपत्रक करायचं, तांत्रिक मान्यता मिळवायची, पैसा कुठल्या शीर्षातून येणार ते ठरवायचं, निविदा काढायची, दर मंजूर करायचे, कार्यादेश द्यायचा. यातल्या प्रत्येक पायरीवर फाईल कोणाच्या तरी टेबलावर थांबते, आणि थांबवणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असंही नाही. अभियंता एकच असतो, त्याच्याकडे पाणी, बांधकाम आणि वर निवडणुकीची ड्युटीही असते.

आणि कोकणात या सगळ्याच्या डोक्यावर पाऊस बसलेला असतो. देशावरच्या नगरसेवकाला वर्षातले बारा महिने आहेत. आपल्याला दसऱ्यापासून मेच्या मध्यापर्यंतच काम करता येतं. फेब्रुवारीअखेर नगरपरिषदेचं वार्षिक अंदाजपत्रक मंजूर होतं, मार्चअखेर निधी खर्च पडायला हवा म्हणून निविदांची घाई उडते, कार्यादेश एप्रिलमध्ये निघतो, ठेकेदार माणसं जमवेपर्यंत मे निम्मा होतो. मग खणलेलं गटार तसंच टाकून मृगाचा पाऊस येतो. लोक म्हणतात, ठेकेदारानं वाट लावली. ठेकेदाराचा दोष असतोही, पण वाट लागलेली असते ती आधीच्या ऑक्टोबरमध्ये. ज्याला मेपर्यंत गटार हवं आहे त्यानं गणपतीच्या दिवसांत अभियंत्याला जागेवर आणलेलं असलं पाहिजे, भर पावसात, पाणी नेमकं कुठून येतं हे डोळ्यांनी दिसत असताना. उन्हाळ्यात घेतलेली मापं कोरड्या गटाराची असतात. पाण्याची रुंदी श्रावणातच कळते. नव्या सदस्यांना माझी ही पहिली विनंती आहे: पावसाळ्यात प्रभाग फिरा, छत्री घेऊन, अभियंत्याला बरोबर घेऊन.

दुसरी अडचण हद्दीची. किनाऱ्यावरच्या शहरात नगरपरिषदेच्या मालकीचं फार थोडं असतं. मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जेटी मेरीटाईम बोर्डाची, धूपप्रतिबंधक बंधारा पतन म्हणजे बंदर विभागाकडे, खाजणाचा बांध खारभूमी खात्याकडे, नदीतला गाळ पाटबंधारे खात्याचा, खारफुटी वनखात्याची, किल्ला पुरातत्त्वचा. वर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. १९९१ साली ती अधिसूचना पहिल्यांदा निघाली, २०११ आणि २०१९ मध्ये बदलली, आणि भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात कुठे काय बांधता येईल हे तिच्यावर ठरतं. आता तुमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मिऱ्याचंच बघा. उधाणाच्या भरतीला लाटा घरांच्या दिशेनं येतात, तेव्हा तिथल्या बाईला ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ हे उत्तर देऊन चालत नाही. तिनं मत तुम्हाला दिलेलं असतं. पतन विभागाचा अभियंता तिला माहीतही नसतो.

अशा वेळी नगरसेवकाला करता येतं ते असं. कुठल्या खात्याचं काम आहे हे शोधायचं, त्या खात्याला लेखी कळवायचं, पत्राची पोच घ्यायची, त्यावर आवक क्रमांक आहे ना बघायचं, आणि पुढच्या वेळी जाताना तो क्रमांक घेऊन जायचं. ऐकायला फार साधं वाटतं. पण सरकारी कार्यालयात तोंडी गाऱ्हाण्याला आयुष्य नसतं. क्रमांक पडलेलं पत्र मात्र साहेब बदलले तरी राहतं. माझ्या प्रभागातला एक बंधारा अशाच पत्रांवर झाला. मधल्या काळात अधिकारी बदलले, सरकार बदललं, फाईल हरवल्याचंही सांगितलं गेलं. पोचपावत्यांची चळत पुढे ठेवल्यावर फाईल सापडली.

पाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण किनाऱ्यावरच्या कुठल्याही नगरसेवकाचं निम्मं आयुष्य पाण्यात जातं.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. नद्या आखूड, उतार तीव्र, सह्याद्रीवरचं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. जांभा पाणी धरून ठेवत नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरींतून उन्हाळ्यात उपसा वाढला की समुद्राचं पाणी आत सरकतं, आणि आजोबांनी बांधलेल्या गोड्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागतं. म्हणून धरण हवं, पाणी उपसायची जॅकवेल हवी, नवी योजना हवी, ही मागणी बरोबरच आहे. पण योजना हे फार मोठं काम आहे, ते मंत्रालयापर्यंत जातं. नगरसेवकाच्या हातात त्याहून जवळचं एक काम आहे, आणि तिकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. आलेलं पाणी कोणाला किती मिळतं, ते बघण्याचं.

केंद्राच्या निकषाप्रमाणे भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, भुयारी गटार नसलेल्या ठिकाणी ७० लिटर. नगरपरिषदेच्या कागदावर हा आकडा बहुतेक वेळा जमतो. टाकीत चढलेलं पाणी भागिले लोकसंख्या. पण टाकीजवळच्या घराला धो धो पाणी आणि वरच्या वाडीतल्या शेवटच्या घराला करंगळीएवढी धार, हे त्या भागाकारात दिसत नाही. टाकीत किती पाणी चढलं याची नोंद कार्यालयात असते. शेवटच्या नळाला किती वेळ पाणी आलं याची नोंद कुठेच नसते.

आमच्या वरच्या वाडीतल्या बायकांनी ती नोंद ठेवली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, प्रत्येक तारखेच्या चौकोनात, पाणी कधी आलं, कधी गेलं आणि किती हंडे भरले. काहींनी पेन्सिलीनं, एकीनं मुलाच्या स्केचपेननं. कुठल्या चौकोनात नुसती फुली, म्हणजे आलंच नाही. महिना संपल्यावर त्यांनी कॅलेंडरं भिंतीवरून उतरवून माझ्या हातात दिली, आणि मी ती सर्वसाधारण सभेत टेबलावर मांडली. तोपर्यंत मी त्या वाडीच्या पाण्यावर जितकी भाषणं केली होती त्यांना मिळालेलं उत्तर एकच होतं, ‘पुरवठा सुरळीत आहे.’ कॅलेंडरांपुढे ते उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी अभियंता आणि व्हॉल्वमन वाडीत आले. सगळ्या घरांत फुल्या एकाच वारी पडल्या होत्या. त्या दिवशी खालच्या भागाचा व्हॉल्व बंद करायच्या आधीच वरचा उघडला जात होता, त्यामुळे दाब मिळत नव्हता. वेळापत्रकातला क्रम बदलला. पैसा लागला नाही, निविदा लागली नाही, ठरावसुद्धा लागला नाही.

व्हॉल्वमनबद्दल आणखी थोडं सांगते. छोट्या शहरात जमिनीखाली कुठून कुठे पाइप गेलाय, कुठे जोड आहे, कुठला व्हॉल्व अर्धाच फिरतो, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं. कार्यालयातला नकाशा मूळ योजनेचा. नंतर टाकलेल्या लाइनी, काढलेली कनेक्शनं, रस्त्याच्या डांबराखाली गेलेले चेंबर, यांतलं त्यात काही नसतं. आमचे व्हॉल्वमन निवृत्तीला आले होते. ते गेले की शहराचा पाणीपुरवठा आंधळा होणार, हे उघड होतं. तेव्हा तंत्रनिकेतनात शिकणारी दोन स्थानिक मुलं त्यांच्याबरोबर फिरली. म्हातारा माणूस पायानं माती सारायचा, ‘इथं बघ’ म्हणायचा, खाली चार बोटांवर लोखंडी झाकण निघायचं. मुलं टेपनं जवळच्या विजेच्या खांबापासून अंतर मोजायची आणि वहीत लिहायची. तो नकाशा आज नगरपरिषदेत आहे, आणि माझ्या दोन मुदतींतलं सर्वात मोठं काम कोणतं असं विचारलंत तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन. त्याचं उद्घाटन झालं नाही, फलक लागला नाही. पण फुटलेली लाइन शोधायला आता रस्ताभर खड्डे मारावे लागत नाहीत.

मासळी बाजाराचाही एक अनुभव सांगण्यासारखा आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत एक दृश्य दिसतं: लाखो रुपये खर्चून बांधलेली मासळी बाजाराची इमारत रिकामी, आणि मासळी विकणाऱ्या बायका बाहेर रस्त्याच्या कडेला. लगेच आपण म्हणतो, यांना शिस्त नाही. आमच्याकडे नव्या बाजाराचा आराखडा सभेपुढे आला तेव्हा कागदावर तो देखणा होता. मी तो गुंडाळून रस्त्यावर, त्या बायकांत नेला आणि शेजारी एका ओट्याचा नमुना बांधून घ्यायची विनंती केली. तो बांधला गेला. एक वयस्क मावशी आल्या, हातानं ओटा चाचपला आणि म्हणाल्या, “बाय, ह्येच्यार एक बालदी पानी ओत आणि बघ खय जाता ता.” पाणी ओतलं. ते ओट्यावरच थांबलं, मग पुढच्या कडेनं गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूला खाली आलं. उतार उलटा होता. मग त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. ओटा उभ्यानं विकायच्या उंचीचा होता. आपल्याकडची मासळीवाली विळीवर बसून सरंगा कापते, विळी पायानं दाबून धरते. त्या ओट्यावर बसायचं तर पाय घेऊन बसायला खोली नाही, आणि उभ्यानं कापायचं तर विळी कशी धरणार? बर्फाची पेटी कुठे ठेवायची, खवल्यांचं पाणी कुठल्या नाळीत जाणार, दुपारी पत्रा तापला की मासळी किती वेळ टिकणार, हे सगळे प्रश्न त्यांनी तिथे उभ्या उभ्या काढले. आराखडा बदलून घ्यायला वर्ष गेलं. पण त्या बाजारात आज बायका बसतात.

या बायकांना कायद्यानंही जागा दिलेली आहे, हे फार थोड्या नगरपरिषदांत लक्षात ठेवलं जातं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे जी समिती नेमायची असते, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेते असले पाहिजेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. तुमच्या शहरात ती समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे पुढच्या सभेत विचारा.

कचऱ्यावर मी फार बोलणार नाही, कारण त्यावर बोलण्यापेक्षा वेंगुर्ल्याला एकदा जाऊन येणं चांगलं. तिथल्या नगरपरिषदेनं, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचरा ओला-सुका एवढ्यावर न थांबता वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करायला सुरुवात केली. जिथून पूर्वी नाक दाबून जावं लागायचं त्या कचरा डेपोच्या जागी लोक पाहायला येतील असा प्रकल्प उभा राहिला. काम अधिकाऱ्याचं, हे खरंच. पण घराघरांतून वेगळा केलेला कचरा रोज गाडीपर्यंत यायला सदस्य, सफाई कामगार आणि घरातली माणसं अशी सगळी फळी लागते. आमच्या गावात पाखाड्या इतक्या अरुंद आहेत की घंटागाडी निम्म्या घरांपर्यंत पोचत नाही. तिथे हातगाडी लागते, आणि हातगाडी ओढणाऱ्या माणसाला हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार लागतो. सफाई कामगाराचा पगार ठेकेदारानं दिला की नाही हे विचारणं मी तरी नगरसेवकाच्या कामात धरते.

पैशाबद्दल एक माहिती देते. आपली बहुतेक किनारी शहरं ब किंवा क वर्गातली, म्हणजे एक लाखाच्या आतली. घरपट्टी-पाणीपट्टीवर रोजचा कारभारच जेमतेम भागतो. मोठं काम राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समिती किंवा वित्त आयोगाच्या पैशावर होतं. आणि तो पैसाही बांधलेला असतो. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या अनुदानातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. ‘पैसा आला पण आमच्या चौकात पेव्हर ब्लॉक का नाहीत?’ असं विचारणाऱ्यांना हे समजावून सांगणं नगरसेवकाचं काम आहे. आणि पाण्याचा पैसा पाण्यावरच गेला का, हे बघणं तर त्याहून अधिक.

दाखल्यांचं तेवढं थोडक्यात. जन्माचा दाखला, मालमत्तेचा उतारा, नळाचं कनेक्शन यांसाठी लोक नगरसेवकाच्या घरी येतात, आणि आपल्यालाही बरं वाटतं की चार माणसं दारात येतात. २०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, मुदतीत मिळाली नाही तर अपील आहे. लोकांना खिडकीवर जाऊन दाखला मिळाला पाहिजे, आपल्या चिठ्ठीशिवाय. ज्या नगरसेवकाच्या दारातली रांग कमी होते त्यानं काम केलं, असं मी मानते. मतांच्या दृष्टीनं हे परवडत नाही असं मला पुष्कळांनी सांगितलं. मला ते पटलेलं नाही.

आता लोकांकडे वळते. ७३ व्या घटनादुरुस्तीनं खेड्याला ग्रामसभा दिली. ७४ व्या घटनादुरुस्तीनं, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, शहरांना नगरपालिका घटनेत आणून बसवली, बाराव्या अनुसूचीत अठरा विषय दिले. पण वॉर्ड समित्यांची सक्ती तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच आहे. आपल्या किनाऱ्यावरची शहरं त्यात बसतच नाहीत. आणि गुहागर, दापोली, देवगडसारख्या ठिकाणी नगरपंचायत आली तेव्हा तिथली ग्रामसभा गेली. काल जो माणूस ग्रामसभेत उठून सरपंचाला जाब विचारत होता, त्याला आज पाच वर्षं वाट बघावी लागते. ही पोकळी मला फार बोचते. कायदा सक्ती करत नाही, पण तो अडवतही नाही. आम्ही प्रभागातल्या शाळेच्या वर्गात सभा घ्यायचो. सभागृहात झालेल्या ठरावांची यादी फळ्यावर लिहायची: कुठला ठराव, कधीचा, फाईल आज कोणाच्या टेबलावर. पहिल्या सभांना लोक गाऱ्हाणी घेऊन आले. नंतर तेच लोक विचारायला लागले, ‘त्या स्मशानशेडची तांत्रिक मान्यता आली का?’ हा प्रश्न ज्या वस्तीत विचारला जातो तिथे ठेकेदारही जपून काम करतो. १९९३ नंतर बायकांचं आरक्षण आलं, २०११ पासून आपल्या राज्यात ते पन्नास टक्के झालं, आणि त्या सभांमध्ये पुढे बसणाऱ्या बहुतेक बायकाच असायच्या. सभागृहात मात्र त्यांच्या नावावर नवऱ्यांनी बोलायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. नव्या नगरसेविकांना कळकळीनं सांगते: फाईल स्वतः वाचा, अभियंत्याशी स्वतः बोला, पत्रावर सही करण्याआधी ते पत्र स्वतः लिहा.

मधली चार वर्षं आपण सगळ्यांनी अनुभवली. २०२१ च्या अखेरीस मुदती संपल्या आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये निवडणुका होईपर्यंत बहुतेक नगरपरिषदांत प्रशासक होते. प्रशासकांनी कामं केली नाहीत असं मी म्हणणार नाही. पण सभा नव्हती, म्हणजे प्रश्न विचारायची जागा नव्हती. चिपळूणकरांना विचारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, दुकानं छपरापर्यंत बुडाली, माणसं रात्रभर माळ्यांवर आणि गच्च्यांवर अडकली. त्यानंतर नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणच्या नागरिकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. गाळ निघाला, शासनाची यंत्रणा लागली, नाम फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्थाही मदतीला आली. त्या लोकांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण नदी पाटबंधारे खात्याची, पूररेषा त्यांचीच, आणि बुडणारी बाजारपेठ नगरपरिषदेच्या हद्दीतली. अशा शहरात निवडून आलेला सदस्य खुर्चीवर नसणं याची किंमत सामान्य माणूस मोजतो. पूररेषेच्या आत कोणाला परवानगी दिली, वहाळावर स्लॅब टाकून दुकान कोणी काढलं, नैसर्गिक पऱ्या, म्हणजे ओहोळ, पाइपात कोणी घातला, हे विचारणारं कोणी लागतं.

हे विचारणं सोपं नाही, तेही सांगते. वहाळावरचं अतिक्रमण तुमच्याच वाडीतल्या, तुमच्याच भावकीतल्या माणसाचं असतं. शिमग्याला पालखी त्याच्या अंगणात थांबते. त्याच्याविरुद्ध सभेत बोललात की दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी येणं-जाणं बंद होतं. मी तो अबोला सोसलेला आहे. पण पुढच्या पावसाळ्यात त्या वहाळाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या घरांत पाणी गेलं नाही, आणि ज्या घरानं बोलणं टाकलं होतं त्याच घरातल्या सुनेनं मला रस्त्यात थांबवून ते सांगितलं.

आता मे जवळ आलाय, तेव्हा शेवटी एक कामाची गोष्ट. दर नगरपरिषद पावसाळ्यापूर्वी गटारं आणि वहाळ साफ करायचा खर्च करते. त्याची यादी मागा: कुठलं गटार, किती लांबी, काढलेला गाळ कुठे नेऊन टाकला. गाळ गटाराच्या काठावरच ठेवला असेल तर पहिल्या सरीला तो परत आत जाणार आहे. आपल्या गल्लीपुरती ती यादी हातात घेऊन संध्याकाळी एक फेरी मारा, फोटो काढा, तारीख टाका, आणि ते तुमच्या नगरसेवकाला द्या. तो विरोधी पक्षाचा असला तरी द्या. समोर बसलेल्या नव्या सदस्यांना सांगते, ते फोटो घेऊन कोणी आलं तर वैतागू नका, खुर्ची द्या, आणि त्यालाच बरोबर घेऊन आरोग्य विभागाच्या टेबलाशी जा.

आता तुमचे प्रश्न घेते. आधी मागच्या रांगेतल्या कर्मचाऱ्यांनी बोलावं अशी माझी इच्छा आहे, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी मी त्यांच्याकडूनच शिकले.